पाणपोई आणि रुबार्बचा वाफा

जूनच्या पहिल्या सोमवारी दुपारी दोन वाजता कार्व्हर्स बेंडच्या नगरपरिषदेची सभा भरली, आणि चिटणीस थॅड प्रूइट याने नेहमीप्रमाणे उभं राहून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवलं. परिषद म्हणजे आम्ही तिघं. महापौर क्लाइड ऑस्ट्रँडर, ज्यांचं पेंडीचं दुकान आहे. गस व्होगेल, औषधवाला. आणि मी, होमर गिलफिलन, गावचा न्हावी. गावाने आम्हाला का निवडून दिलं ते गावालाही नीट आठवत नाही. माझ्यापुरतं सांगायचं, तर माझ्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस मतदानाच्या आठवड्यात सासुरवाडीला राहायला गेला होता.

त्या दिवशी विषय एकच होता. मद्यनिषेध महिला मंडळाने तीन वर्षं गोधड्या शिवून, विकून, गावासाठी एक लोखंडी पाणपोई मागवली होती. ती खोक्यात बंद होऊन रेल्वे स्टेशनवर पडली होती. माणसाला तहान लागली की तो दारूकडे वळतो, तेव्हा चौकात गार पाणी हवं, असा मंडळाचा विचार. देशात दारूबंदी येऊन सहा वर्षं झाली होती. वळायला उघडपणे जागाच उरली नव्हती, पण मंडळाला हातातलं काम अर्धवट सोडायची सवय नव्हती.

मंडळाच्या अध्यक्षा लुंडग्रेनबाई पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. त्या बसल्या की बाकही ताठ झाल्यासारखं वाटायचं.

"डेपो रस्त्यावरच्या मोठ्या नळापासून चौकापर्यंत चर खणायचा," थॅड म्हणाला आणि त्याने नकाशा टेबलावर पसरला. "दुकानांच्या मागच्या बोळातून सरळ रेघ मारली आहे. सगळ्यांत जवळचा रस्ता हाच."

मी त्या रेघेकडे पाहिलं. ती महापौरांच्या मागच्या पायऱ्यांजवळून निघून व्होगेलच्या कोळशाच्या खोपटाला घासून पुढे माझ्या टॉवेल वाळत घालायच्या दोरीखालून जात होती. दोरीखाली दीड फुटावर माझ्या बारा बरण्या पुरलेल्या होत्या. दारू मक्याची, हातभट्टीची, नदीपलीकडच्या एका सज्जनाने गाळलेली. दारूबंदीच्या बाजूने मी मत दिलं होतं, चौकात भाषणही ठोकलं होतं, आणि भाषणाने घसा कोरडा पडला म्हणून त्याच संध्याकाळी पहिली बरणी घेतली होती. दाढी करताना हात थरथरू नये म्हणून घोटभर घेतो, असं मी बायकोला सांगत असे. हात थरथरायला लागल्यापासून तिने विचारणं सोडलं.

तोंड उघडावं म्हणून मी खाकरलो, तेवढ्यात महापौरच म्हणाले, "बोळातून नको."

"का बरं?" थॅडने विचारलं.

"माझ्या सासूबाईंचं मांजर पुरलंय तिथं."

"कोणतं मांजर?" लुंडग्रेनबाईंनी विचारलं.

"करडं. टॅबिथा. फार मायाळू होतं."

थॅडने ते लिहून घेतलं. तो सगळंच लिहून घेतो. मग व्होगेल म्हणाला की त्याच्या खोपटामागे जुन्या एल्मच्या झाडाच्या मुळ्या आहेत, कुदळ चालायची नाही. मला वाटलं, नशीब जोरावर आहे, दोघंही आपोआप आपल्या बाजूने बोलतायत. त्या भरात मीही बोलून गेलो, "आणि माझ्या मागे विहीर आहे."

"विहीर?" थॅडची लेखणी थांबली. "नकाशात नाही ती."

"आजोबांच्या वेळची. फळ्या टाकून झाकलीय. खणणारा एखादा आत पडेल हो."

इथे विषय संपायला हवा होता. पण लुंडग्रेनबाई मदत करणाऱ्या बाई होत्या, आणि असा माणूस कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"पुढच्या सोमवारी सभा झाली की आम्ही सगळ्या येतो. महापौर, तुमच्या सासूबाईंनी मला बायबल शिकवलं. मांजरावर मंडळातर्फे एक दगड बसवू आणि नळ बाजूने नेऊ. व्होगेल, माझ्या भावाकडे बुंधे उपटायचं यंत्र आहे, दोन घोडे आहेत, मुळ्यांची काळजी सोडा. आणि गिलफिलन, गावात लेकरं खेळतात आणि तुम्ही उघडी विहीर ठेवलीत? ती त्याच दिवशी बुजवायची."

मग त्या थॅडकडे वळल्या. "चार जुलैला मंडळाच्या राज्य-अध्यक्षा उद्घाटनाला येणार. त्या दिवशी नळाला पाणी नसेल, तर चिटणीस बदलावा असं मी परिषदेला सुचवीन. माझा पुतण्या टंकलेखन शिकून मोकळाच आहे."

थॅडने तेही लिहून घेतलं. चिटणिसाची नेमणूक दरवर्षी जुलैत नव्याने होते, आणि नगरभवनाला लागून असलेलं घर त्या नेमणुकीबरोबर मिळतं. तो आणि त्याची बायको एफी एकोणीस वर्षं त्या घरात राहत होते.

शनिवारी सकाळी थॅड दाढीला आला. महापौर बाकावर पेपर वाचत पाळीची वाट बघत होते, आणि व्होगेल केसांच्या तेलाच्या बाटल्या द्यायला आला होता.

"एफीने काल परसातला वाफा खुरपला," थॅड फेसातून म्हणाला. "रुबार्ब यंदा छान आलाय, देठ कसे लाल आणि आंबट. म्हणाली, पुढल्या वर्षी खायला आपण असू की तो पुतण्या, कुणास ठाऊक."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण बरण्या बारा होत्या.

"आज दुपारी तिला बहिणीकडे घेऊन जातो," तो पुढे म्हणाला. "तेवढंच मन रमेल. परतायला संध्याकाळ होईल."

वस्तरा माझ्या हातात तसाच थांबला. कार्व्हर्स बेंडमध्ये सगळ्यांत कोरडा माणूस थॅड प्रूइट. खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत करणारा. देव जरी बरण्या शोधायला उतरला, तरी तो त्याच्या परसात डोकावणार नाही. बाकावर महापौरांचा पेपर बराच वेळ उलटला गेला नव्हता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला असता, तर मी न्हावी कशाला राहिलो असतो?

दुपारी ढकलगाडीत बरण्या घातल्या, वर टॉवेल पसरले आणि बोळाने निघालो. थॅडच्या परसात चिटपाखरू नव्हतं. वाफ्याच्या एका टोकाची माती इतकी भुसभुशीत होती की एफीच्या कष्टाचं मला कौतुक वाटलं. मी मध्ये खणलं, बरण्या पुरल्या, रुबार्बचे गड्डे परत जागेवर बसवले आणि थोडं पाणीही शिंपडलं. परतताना बोळाच्या तोंडाशी व्होगेल भेटला. तोही ढकलगाडी घेऊन येत होता.

"कुठे रे?" मी विचारलं.

"हवा खायला."

"ढकलगाडी घेऊन?"

"पाठीला बरं असतं," तो म्हणाला आणि माझ्या गाडीकडे बघत पुढे गेला.

आता राहिली विहीर. ती मला सोमवारपर्यंत तयार ठेवायची होती. रविवारी चर्चमधून आल्यावर मी कोट उतरवला आणि दोरीखाली खणायला लागलो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय करताय?"

"विहीर खणतोय."

"कशाला?"

"बुजवायला."

ती आत निघून गेली. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत, तिने फार काही विचारायचं सोडलं आहे. संध्याकाळपर्यंत चार फूट खणून झालं आणि दोन्ही तळहातांना फोड आले.

सोमवारी सभेला गेलो तर नगरभवनाबाहेर लुंडग्रेनबाईंच्या भावाचे दोन घोडे उभे होते आणि यंत्राच्या साखळ्या वाजत होत्या. बाईंच्या पायाशी एक छोटा पांढरा दगड होता, आणि त्यावर 'टॅबिथा' असं सुबक कोरलेलं होतं. महापौर त्या दगडाकडे पाहत नव्हते.

थॅड उभा राहिला. इतिवृत्त वाचलं. मग चष्मा पुसून म्हणाला, "बोळात अडचणी फार आहेत. एका मायाळू मांजराची शांतता मोडायची, घोड्यांना राबवायचं, आणि होमरच्या आजोबांची आठवण बुजवायची, हे मला पटत नाही. मी आणि एफीने काल विचार केला. चर माझ्या परसातून जाऊ दे. चाळीस फूट जास्त खणावं लागेल, पण रुबार्बच्या वाफ्यातून सरळ निघतो."

"रुबार्बच्या?" महापौरांचा आवाज चिरकला.

"हो. वाफा जाईल. जाऊ दे."

"वाफ्याला हात लावायचा नाही," व्होगेल उठूनच म्हणाला.

"थॅड," मी म्हणालो, "एफीचा रुबार्ब म्हणजे गावाची शोभा आहे. तो खणायचा तर आधी मला खणा."

मग मी महापौरांकडे पाहिलं. महापौरांनी व्होगेलकडे पाहिलं. व्होगेलने माझ्याकडे. वाफ्याच्या टोकाची ती भुसभुशीत माती आणि पाठीला बरी असलेली ढकलगाडी, दोन्ही माझ्या डोक्यात एकाच वेळी शिरली. सभेत इतका समजूतदारपणा आमच्यात आजवर कधी दिसला नव्हता.

थॅड लिहीत होता. "तिन्ही सभासदांनी रुबार्बविषयी जिव्हाळा व्यक्त केला," तो हळू आवाजात पुटपुटला.

"रुबार्ब काय, पुन्हा लावता येतो," लुंडग्रेनबाई उठल्या. "प्रूइट, तुमचा त्याग मी विसरणार नाही. घोडे बाहेर उभेच आहेत, आत्ताच सुरुवात करू."

"थांबा," महापौर म्हणाले. "मांजराचं जरा सांगायचं होतं. सासूबाईंना विचारलं मी. त्या म्हणतात, ते पळून गेलं होतं."

"पळून गेलेलं मांजर पुरलं कुणी?"

"तोच तर घोळ आहे. पुरलेलंच नाही. तिथं काही नाही, हवं तर खणून बघा."

व्होगेल म्हणाला की एल्म गेल्या वादळात पडला, मुळ्याही बहुधा त्याच्याबरोबरच गेल्या असाव्यात. मग सगळे माझ्याकडे वळले. मी फोडांचे हात मांडीखाली लपवले.

"विहीर आहे," मी म्हणालो. "पण चारच फूट खोल आहे. आणि पाणी नाही."

"मग ती विहीर कशी?" बाईंनी विचारलं.

"कालपासून मलाही तेच वाटतंय."

"म्हणजे बोळाचा ठराव मांडायचा का?" थॅडने विचारलं. महापौरांनी ठराव मांडला, आणि अनुमोदन द्यायला मी आणि व्होगेल एकदमच उभे राहिलो. नगरपरिषदेच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा ठराव एकमताने पास झाला, आणि थॅडने ते दोनदा अधोरेखित केलं. लुंडग्रेनबाई डोळे पुसत म्हणाल्या की त्या आठवडाभर आमच्यासाठी प्रार्थना करत होत्या. माझ्या विहिरीमुळे खणणाऱ्यांचं अर्ध्या दिवसाचं काम मात्र वाचलं.

चर जूनअखेर पुरा झाला आणि एक जुलैला थॅडची नेमणूक झाली. चार जुलैला बँड वाजला, पाणपोईला पाणी आलं, आणि पहिले तीन पेले परिषदेने सगळ्यांसमोर प्यावेत असा मंडळाने आग्रह धरला. आम्ही प्यायलो. पाणी गार होतं, एवढंच म्हणतो.

त्यानंतरच्या एका शनिवारी, प्रूइट मंडळी बहिणीकडे गेली असताना, मी वाफ्याजवळ गेलो. महापौर आणि व्होगेल आधीच तिथे उभे होते. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि मुकाट्याने खणलं. टोकापासून टोकापर्यंत माती, मुळ्या आणि एक गांडूळ, याखेरीज काही निघालं नाही. मग वाफा पुन्हा नीट केला, कारण एफीचा रुबार्ब खरोखरच चांगला होता. थॅडला विचारायची सोय नव्हती. काय विचारणार?

पुढच्या सभेला गेलो तेव्हा नगरभवनाच्या खिडक्या अशा लखलखत होत्या की काचा आहेत की नाहीत ते हात लावून पाहावं. नगरभवनाची झाडलोट एफीच करते; लुंडग्रेनबाईंनी तिला विचारलंच, "काय लावतेस गं काचांना?"

"घरात काहीबाही पडलेलं असतं, त्यातलंच," एफी म्हणाली. सभा संपेपर्यंत आम्ही तिघं त्या खिडक्यांकडे बघत बसलो होतो. व्होगेलने तर एकदा डोळे पुसले.

नाताळच्या आदल्या दिवशी दुकान उघडलं, तर खुर्चीवर एक बरणी होती. माझीच, काठाला टवका गेलेली. आत रुबार्बचा मुरंबा, वर लाल फीत, आणि चिठ्ठीवर चिटणिसाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'विहीर. बारांपैकी पहिली.' महापौरांना 'मांजर' मिळालं आणि व्होगेलला 'मुळ्या'. थॅड दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणारा माणूस नव्हे, रिकामी परत करणाराही नव्हे. दर नाताळला एक बरणी येत राहिली, आणि दर जुलैला त्याच्या नेमणुकीला माझा हात सगळ्यांत आधी वर जात राहिला. पुतण्याने शेवटी दुसऱ्या गावात नोकरी धरली.

अशा सात बरण्या झाल्या, आणि मग त्या डिसेंबरात देशातली दारूबंदीच उठली. दुसऱ्या दिवशी थॅड दाढीला आला. मी फेस लावत होतो.

"होमर," तो म्हणाला, "खिडक्यांना सातच लागल्या. तुझ्या पाच अजून तशाच आहेत, तळघरात. आता कायदा आडवा येत नाही. परत नेतोस का?"

मी वस्तरा उचलला आणि त्याच्या गळ्याशी नेला. सात वर्षं मी मुरंबा खात होतो आणि चौकातलं पाणी पीत होतो, कारण दुसरं काही आणायचं म्हटलं की पुरायला जागा सुचत नव्हती. वस्तऱ्याचं पातं जराही हललं नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण थॅडने ते कधीच लिहून घेतलं असावं.

"खिडक्यांनाच लाव," मी म्हणालो. "आणि मुरंबा एफीला जरा जास्त गोड करायला सांग."