फ्लॉपीची घडी

पोरांचा हात पोचत नाही आणि बायको उगाच आवराआवर करत नाही, अशी घरात एकच जागा: देवघर. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी शालिकरामने आपली फ्लॉपी तिथे, बाळकृष्णाच्या मागे ठेवून दिली आणि निर्धास्त झाला. (निर्धास्त झाला की त्याचं काहीतरी बिघडतंच.)

फ्लॉपी सत्त्याऐंशी सालातली. तळहाताहून मोठी, काळी, लवचिक, मधोमध भोक. तिच्यात शालिकरामची अब्रू होती. सासरे बाबनराव उमरेडचे पिढीजात विणकर, हातमाग सोसायटीचे अध्यक्ष. जावई नागपुरात कारकून आहे हे ते लोकांना सांगत, पण 'पोरीचं नशीब, दुसरं काय' अशा सुरात. ते शालिकरामला फार लागायचं. म्हणून त्याने सीताबर्डीच्या कॉम्प्युटर क्लासात डोळे फोडून, चौकट चौकट भरत लुगड्याचा एक काठ काढून या फ्लॉपीत साठवला होता. सोसायटीने नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. (चालवणारं कुणी नव्हतं, पण कव्हर मात्र झकास शिवलं होतं.) दसरा झाला की उमरेड गाठायचं, पडद्यावर काठ दाखवायचा आणि एकदा तरी सासऱ्याची शाबासकी घ्यायची.

दसऱ्याला तो आंघोळ करून आला, तर पाटावर विळी, अडकित्ता, सायकलचा पाना आणि फ्लॉपी ओळीने मांडलेली. त्याची बायको पुष्पलता हळदकुंकू वाहत होती, तेही नेमकं फ्लॉपीच्या त्या उघड्या खाचेत, जिथे बोटही लावू नका असं क्लासचे मास्तर रोज बजावत.

"पुष्पे! काय करून राहिली वं?"

"हत्याराची पूजा करून राहिली. आता हेच माहं हत्यार, असं तुमीच म्हणता ना?"

"अवं, आतमंदी कुंकू गेलं ना!"

"मंग? देवाले चालते, तुमच्या फ्लॉपीले काहून नाही चालत?"

शालिकरामने फ्लॉपी नळाखाली धरली, अक्षता झटकल्या, पंख्याखाली वाळवली. वरून तरी शाबूत दिसत होती. (वरून तर शालिकरामही शाबूतच दिसायचा.)

दुसऱ्या दिवशी उमरेडच्या सोसायटीत झाडून सारे विणकर जमले. बाबनरावांनी ऐटीत कव्हर काढलं. शालिकरामने मशीनकडे पाहिलं, मग हातातल्या फ्लॉपीकडे. नव्या मशीनची खाच छोटी होती, खिशात मावणाऱ्या नव्या, टणक फ्लॉप्यांसाठी केलेली.

"काय झालं, जवाईबापू?"

"मामाजी, साइज... जमत नाही."

"जमत नाही म्हणजे? आना इकडे."

जन्मभर नऊवारी लुगडी हाताळलेल्या माणसाला घडी घालून मावत नाही अशी वस्तू ठाऊकच नव्हती. शालिकराम 'अहो, अहो' म्हणेपर्यंत बाबनरावांनी फ्लॉपी मधोमध दुमडली, नखाने दाबून छान कड काढली आणि खाचेत सारली. गेली की आत! मशीन घरघरलं, कर्र करून थांबलं आणि खाचेतून चिमूटभर कुंकू बाहेर आलं. दोनचार म्हाताऱ्यांनी हात जोडले.

आता शालिकराम इरेला पेटला. काठ त्याला पाठ होता. त्याने कागद-पेन्सिल मागून घेतली, घाम पुसत वेल काढला, कोयऱ्या काढल्या, मधली नागमोडी काढली आणि कागद सासऱ्यापुढे धरला.

बाबनराव बघतच राहिले. त्यांचा चेहरा उजळला. शालिकरामची छाती फुगली.

"अस्सल काठ आहे, जवाईबापू! कुठून आणला?"

"डोक्यातून काढला, मामाजी."

"डोक्यातून?" बाबनरावांनी कागद सगळ्यांना फिरवून दाखवला. "बाप्पा, हा तं आमच्या आज्याचा काठ! पुष्पीले पहिल्या दिवाळीले मी याच काठाचं लुगडं देल्लं होतं. मांगं तुमच्या घरी आलो, तं त्याचं पायपुसणं दारात पडून होतं. तुमच्या डोक्यात काही नाही आलं, बापू. जे आलं, ते पायातून आलं."