वैशाखातलं इरलं

भर वैशाखात, आभाळात ढगाची चिंधी नसताना, इरलं घालून फिरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. ती माझ्या थोरल्या भावाची बायको, हिरावहिनी. इरलं म्हणजे पावसात वाकून लावणी करताना डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं छप्पर. सगळं भाईंदर ते आषाढात माळ्यावरून काढायचं. आमची वहिनी मात्र दर महिन्याला दोन-तीन दिवस ते घालायची, बाराही महिने. तेही सरळ नाही, उजवीकडे कललेलं. उजवा डोळा, उजवा कान, उजवा गाल आत, आणि डावी बाजू जगासाठी उघडी.

नवखा कुणी विचारायचा, बाई, पाऊस कुठाय? वहिनी डाव्या गालाने हसायची आणि म्हणायची, "आत पडतोय."

तिला अर्धशिशी होती. पण हा शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही. ती म्हणायची, सवत आलीय. माझ्या भावाला दुसरी बायको नव्हती, त्याला ही एकच झेपत नव्हती. पण वहिनीच्या डोक्यात उजव्या अंगाला एक सवत राहायला यायची आणि तिचा थाट मोठा. सवतीला उजेड चालत नाही. सवतीला बोंबील भाजल्याचा वास चालत नाही. सवतीला कोंबड्याचं आरवणं खपत नाही, म्हणून कोंबडा दोन दिवस टोपलीखाली. आणि काही सांगायचं असेल तर डावीकडून येऊन सांगायचं. उजवीकडून बोललात तर ती तुमच्याकडे बघायचीच नाही. "त्या अंगाला मी न्हाय, ती हाय. तिलाच सांगा," एवढंच म्हणायची.

औषधं सगळी करून झाली. सुंठ उगाळून कपाळाला लावली, नाकात तूप सोडलं, वेखंड झालं. उत्तनहून मासळी घेऊन येणारी किरिस्तांव बाय होती, तिने शिरक्यात बुडवलेला फडका बांधायला सांगितला. त्याने डोकं दुखायचं थांबलं नाही, पण घरभर लोणच्याचा वास सुटला. मग कुणीतरी म्हणालं, सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला तोंड करून दूध-जिलेबी खावी. माझा भाऊ मीठ वाहणाऱ्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल होता, त्याने वसईहून जिलेबी आणली. खारं वारं लागून तिचा चिवट दोर झाला होता. वहिनीने ती पूर्वेला तोंड करून अर्धा तास चावली. पुढे आळीतली पोरंच विचारायला लागली, हिराकाकू, तुमची सवत कवा येणार?

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ माझा आहे.

मला शाळा दोन यत्ता. पण पाण्याचं मला जेवढं कळायचं तेवढं गावात कुणाला कळत नव्हतं, आणि हे मी कुणालाही सांगायला कमी करत नव्हतो. आमच्या मिठागराची उघाडी माझ्या ताब्यात होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा ते उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत पाडायचं. आत राहिलेल्या पाण्याचं ऊन मीठ करतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मी ती झोपेतही सांगायचो. लोक थट्टेने म्हणायचे की भरती ह्याला विचारून येते. मला ती थट्टा वाटत नव्हती.

दुसरी लढाई सुरू व्हायला पाच-सहा वर्षं होती, तेव्हाची गोष्ट. लागोपाठ तीन अमावास्यांच्या आदल्या दिवशी, बरोबर चतुर्दशीला, वहिनीने इरलं काढलं. माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पारावर जाऊन सांगितलं की आमच्या वहिनीचं डोकं उधाणाचं आहे. माणसाच्या अंगात पाणी असतं, चंद्र ते ओढतो, अर्धं ओढतो म्हणून अर्धंच दुखतं. लोकांना पटलं. मला तर माझ्या बोलण्याने नेहमीच पटायचं. आसपासच्या आगरांवरचे लोक जाता-येता ओट्यापाशी थांबून विचारू लागले, वयनी, डोकं धरलं काय? ती हो म्हणाली की उधाण येणार समजून ते बांधाकडे जाणार.

वहिनी मला डावीकडे बोलावून म्हणाली, "भावोजी, ह्याचा पान्याशी काय संबंध न्हाय."

मग कशाशी आहे, मी विचारलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी म्हटलं, बघ, तुला माहीत नाही, मला आहे.

पुढे तिचं डोकं हळूहळू तिथी सोडायला लागलं. एकदा द्वादशीला दुखलं, मग दशमीला. मी म्हटलं, पाणी वर दिसत नसलं तरी आतून ओढतं. आणि फाल्गुनात, षष्ठीच्या दिवशी, तिने इरलं काढलं. षष्ठीला खाडीत पाणी बेताचंच. पण मी चार माणसांत बोलून बसलो होतो. वहिनीचं डोकं धरलंय म्हणजे पाणी चढणार, असं सांगून चार गडी नेले आणि भरदुपारी उघाडी उचलली. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली. आम्ही बघत राहिलो आणि पंधरा दिवस तापवलेलं पाणी आमच्या पायाखालून खाडीत निघून गेलं. फुगलेलं दार पुन्हा पाडेपर्यंत कुंड अर्धं रिकामं झालं. गावात मी सांगितलं, खेकड्यांनी बांध पोखरला. घरी येऊन वहिनीला म्हणालो, तुझं डोकं चुकलं.

ती म्हणाली, "डोकं न्हाय चुकलं." बस, एवढंच.

त्या पावसात भाऊ मचवा किनाऱ्यावर ओढून घरी होता. घरी असला की तो झोपायचा, आणि जागा असला की मला म्हणायचा, तू म्हणशील तसं. त्यामुळे वहिनीला कुठे जायचं असेल तरी विचारणं माझ्याकडे यायचं. एके दिवशी ती दाराआड उभी राहून म्हणाली, "भावोजी, मना मुंबयला बाईडाक्तरकडं न्या. उत्तनची बाय सांगते, मिशनच्या दवाखान्यात बाई हाय. काय गोष्टी पुरुषाला सांगता येत न्हाय."

मी हसलो. उधाणाला डॉक्टर काय करणार, खाडीला सुई टोचणार काय, असं काहीतरी बोललो. माझी बायको आत भात वेळत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला. वहिनी वळून गेली. तिने पुन्हा विचारलं नाही. ती एकदाच विचारणारी बाई होती, आणि मी एकदाच नाही म्हणणारा माणूस.

कणगीच्या मागे, भिंतीवर, तिने कोळशाने खुणा केल्या होत्या. उभ्या रेघा, मग गोल, मग रिकामी जागा, पुन्हा रेघा आणि गोल. आम्ही सगळे पाहत होतो, विचारत कुणी नव्हतं. दिवाळीच्या तोंडाशी भावकीतला एक म्हातारा उसनं भात मागायला आला, त्याने कणगीमागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, घरात करणी-बिरणी चालते काय रे? मला भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शिंपल्यांचा चुना भिजवला आणि ती भिंत मी माझ्या हाताने पांढरी केली, दोन हात दिले.

वहिनी पाणी भरून आली. हंडा खाली ठेवला, भिंतीला तळवा लावला, तळवा पांढरा झाला. तो तिने बघितला. मग म्हणाली, "भिंत बरी दिसते."

मला वाटलं, झालं, मिटलं. मला कायम असंच वाटायचं.

वर्षं गेली. लढाई आली, रॉकेल मिळेना, मीठ मात्र पिकत होतं. सवत येत होती, इरलं निघत होतं, कोंबडे बदलले, टोपली तीच. आणि लढाई संपली त्या साली माझी मुलगी मंजू, चौदा वर्षांची, एका सकाळी चुलीपुढून उठली आणि डोकं धरून अंधाऱ्या खोलीत जाऊन पडली.

मंजूला तेव्हा घोडबंदरचं स्थळ आलं होतं. आमच्यात मुलीचं डोकं दुखतं हे कळलं तर स्थळ उंबऱ्यावरून परत जातं. मी ठरवलं, बोलायचं नाही. भगताकडून दोरा आणायचा, तिथी बघून पाहुणे बोलवायचे, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी कमी असतं तेव्हा. अकरा-बारा वर्षांनीही मी पाणीच धरून बसलो होतो.

हे मी घरात सांगितलं आणि वहिनी आतून आली. डोक्यावर इरलं नव्हतं. तिने माझ्यासमोर, अगदी समोर, कपड्यांच्या जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडलं आणि आतली बाजू मला दाखवली. खिळ्याने कोरलेल्या खुणांच्या ओळीच ओळी. रेघा आणि गोल.

"हे गोल," ती म्हणाली, "म्हंजे बाहेर बसायचं. ह्या रेघा डोक्याच्या. रेघ दोन दिस आधी येते, गोल मागून येतो. एकदा पन चुकलेलं न्हाय. पयली चार वर्सं तुमच्या चुन्याखाली गेली. ही अकरा."

माझी बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आमच्या घरात बाईने दिरासमोर हा विषय काढला नव्हता. मी खाली बघितलं, पण कानांना खाली बघता येत नाही.

मग तिने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे वेगळी ओळ होती, बारीक, नव्या खिळ्याची. "ही मंजूची. दोन वर्सं झाली. पोर बोलत न्हाय, मी बगते. रेघ, गोल. रेघ, गोल. माजी भिंत पुसली, मी गप ऱ्हायले. हिचं न्हाय पुसू देनार. हिला बाईडाक्तरकडं न्या."

आम्ही सगळे समजत होतो की ह्या बाईला स्वतःच्या अर्ध्या डोक्यापलीकडे काही दिसत नाही.

आणि मी काय बघत होतो? दर महिन्याला ती इरलं काढायची, ते ठेवलं की चार दिवस मागच्या पडवीत बाजूला बसायची, आणि मला भाकर माझ्या बायकोच्या हातची मिळायची. हे पंधरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. खाडीच्या पाण्याची घटका-घटका सांगणारा मी, माझ्याच घरातली ओळ मला लागली नाही.

झाकण बिजागऱ्यांतून काढलं, गोधडीत गुंडाळलं आणि मंजूला घेऊन मुंबईला गेलो. तिकीट तपासणारा म्हणाला, झाकण नेताय, पेटी कुठाय? मी म्हटलं, पेटी घरी आहे, आजारी झाकण आहे. मंजू कितीतरी दिवसांनी हसली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी झाकण टेबलावर आडवं ठेवून घेतलं, चष्मा पुसला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत गेल्या. मला वाटलं होतं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही बायकांना त्या दिवसांच्या आधी अंगात जे बदल होतात त्यानेच हे डोकं उठतं. मंजूला त्यांनी सांगितलं, रेघेचा दिवस जवळ आला की उपास धरू नकोस, जागू नकोस, मिठाच्या राशींवरच्या उन्हात जाऊ नकोस, दुखायला लागल्याबरोबर ही गोळी घे. लाजू नकोस, मोजत राहा. मग मला विचारलं, हे कुणी कोरलं? मी म्हटलं, घरातल्या एका बाईने.

"वरच्या ओळी तिच्या स्वतःच्या आहेत का? मग तिला का नाही आणलंत?"

मी म्हटलं, घरी कामं असतात.

त्या झाकणाकडे बघत म्हणाल्या, "अर्धं काम तिनेच करून पाठवलंय. तिला हे नक्की सांगा."

परतीच्या वाटेवर मी ते वाक्य घोळवत आलो. वहिनी, तुझी मोजणी बरोबर होती, मी चुकलो. एवढंच. झाकणापेक्षा जड होतं.

घरी आलो तर वहिनी ओट्यावर बसलेली, इरलं उजवीकडे कललेलं. तिची स्वतःची रेघ त्या दिवशी होती. काय बोल्ली बाई, तिने विचारलं. मंजूने गोळ्या दाखवल्या, सगळं सांगितलं. मी म्हटलं, झाकण बसवून टाकतो, आणि स्क्रू शोधायला लागलो.

मी स्क्रू पिळत असताना ती म्हणाली, "भावोजी, आज पानी किती हाय?"

त्या दिवशी अष्टमी होती. पंधरवड्यातलं सगळ्यात कमी पाणी. "भांग आहे," मी म्हटलं. "पाणी नाही."

"आनि डोकं तर हाय," ती म्हणाली. डाव्या गालावर हसू होतं. ती थांबली होती, माझ्यासाठी जागा करून. मी स्क्रू पिळत राहिलो.

पुढे मंजूचं लग्न झालं, घोडबंदरलाच, डोक्याचं आधी सांगून झालं. वहिनीला मी एकदा म्हटलं, चल तुला नेतो, तर म्हणाली, आता सवतच म्हातारी झालीय, जाईल ती तिची तिची. गेलीही. त्यानंतर वहिनी तीन वर्षं जगली, सबंध डोक्याने. ते वाक्य सांगायला मला ही सगळी वर्षं होती. मी ते आज इथे लिहितो आहे, म्हणजे काय केलं ते तुम्हाला कळलंच.

त्या दुपारी मात्र एक केलं. स्क्रू बसवून झाल्यावर उठलो, अंगणात कोंबडा मोकळा आरवत होता, तो धरला आणि टोपलीखाली घातला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा केलं. तिने पाहिलं की नाही, ठाऊक नाही. मी तिच्या उजवीकडून गेलो होतो.