बीज मारायचं नसतं

तलावातली मासोळी आणि डोक्यातली ऊ यांत मला कधी फरकच वाटला नाही. दोन्ही पकडायला हात लागतो, आणि तसा हात आमच्या गावात एकच आहे, माझा. तालुक्याला, मूल गावच्या बाजारात कुणालाही विचारा, हेमराजच्या जाळ्यातून मरळसुद्धा निसटत नाही!

म्हणून शाळेतल्या सुलताना मॅडमना माझ्या रिंकूच्या डोक्यात उवा सापडल्या, तेव्हा मी नुसता मिशीला पीळ दिला. पुढच्या रविवारी मुलींचा नाच होता चंद्रपूरला. मॅडमनी सांगून टाकलं, जिच्या डोक्यात उवा ती गाडीत बसणार नाही. माझी आई बुधरी म्हणाली, "नाव्ह्याले बलाव. केसच नाई तं उवा कुठी राहतीन?"

रिंकूची वेणी कमरेपर्यंत. पोरगी हमसून रडायला लागली.

"केसाले कोनी हात लावनार नाई," मी म्हटलं. "मी हाव ना."

ओसरीत पांढरं फडकं अंथरलं, केसांना तेल चोपडलं आणि फणी धरली. टपोऱ्या उवा फडक्यावर टपटप पडायला लागल्या! शेजारची रिना बघायला आली, ती आपली पोरगी घेऊनच परत आली. मग नाचातल्या सगळ्याच पोरी आल्या. नंबर लागेपर्यंत त्या एका मोबाईलवर, डोक्याला डोकं लावून, नाच बघत बसल्या. फणी सगळ्यांना एकच. "भाऊचा हात सोन्याचा हाये," रिना म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी बायको प्रेमिलानं विचारलं, "लिखा काहाडल्या का?"

"त्या पांढऱ्या? बीज कोनी मारते का? तलाव रिकामा होते ना!"

ती हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा कसली? आमच्या मच्छीमार सोसायटीचा नियमच आहे, मोठी मासोळी घ्या, बोटुकली सोडा. बापजाद्यांपासून हाताला तेच वळण. लिखा केसांना डिंक लावल्यासारख्या चिकटल्या होत्या. मी फणी इतकी अलगद फिरवली की एकीलाही धक्का लागला नाही.

बीजानं आपलं काम केलं. नाचाच्या आदल्या दिवशी मॅडमनी तपासलं, तर झाडून सगळ्या पोरी डोकं खाजवत होत्या. जिच्या डोक्यात आधी एकही नव्हती, तीसुद्धा.

"हेमराजभाऊ, लिखा काऊन ठेवल्या?" मॅडमनी विचारलं. "आठवड्यात फुटतात त्या. अन् उवांले उडता येत नाई, डोक्याले डोकं लागलं का चालत जातात."

मी बोटुकलीचा नियम सांगितला. पोरींच्या आया ऐकत होत्या. त्यांचे चेहरे बघून मी नियम अर्ध्यावरच सोडला.

घरी येतो तर आईनं चैतू नाव्ह्याला बोलावून बसवलेलं. तो वस्तरा परजत होता. रिंकू माझ्यामागे लपली.

"पप्पा, तुमी बोलले होते."

बोललो होतो खरा. मग मीच चैतूपुढे मांडी घातली. "आधी माहं भादर. जरा सावकाश."

तिकडे प्रेमिलानं रिंकूला उन्हात बसवलं, उवा विंचरून काढल्या आणि एकेक लीख नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढायला घेतली. घरोघरी आयांनी तेच सुरू केलं. इकडे माझे केस संपले, तिकडे लिखा संपेनात. मी दाढी करायला लावली. तीही झाली. चैतू वस्तरा पुसायला लागला तेव्हा डोळे मिटून म्हटलं, "मिशी बी घे."

मिशी गेली आणि प्रेमिला म्हणाली, "झालं."

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांची डोकी तपासून होकार दिला, वर आठवड्यानं पुन्हा फणी फिरवायची तंबीही दिली.

चंद्रपूरला रिंकू काय नाचली म्हणून सांगू! गिरकी घेतली की वेणी तिच्याभोवती फिरायची. माझे डोळे भरून आले. शेजारच्या खुर्चीवरच्या सद्गृहस्थांनी माझा तुळतुळीत गोटा बघितला, गेलेली मिशी बघितली, डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि हळूच खांद्यावर हात ठेवला.

"आई गेली का, भाऊ?"

माझ्या पलीकडच्या खुर्चीतून आई पुढे वाकली.

"गेली नाई बाबा अजून. नातीचा नाच पाह्यले आली हाव."