रोज उपटायची बाग

गणपतदादा माझ्या नर्सरीत आले की आधी रोप खातात. सगळं नाही, एक पान. खुडायचं, दाढेखाली धरायचं, डोळे मिटायचे आणि मग माझ्याच कुंडीत थुंकायचं. सापगावात मला गिऱ्हाइकं पुष्कळ, पण माल चाखून घेणारं हे एकच. ते येताना दिसले की मी कण्हेर शेडमागे नेऊन ठेवतो. उगाच पोलीस केस नको.

दादा जवळच्याच शेणवे गावचे. ठाण्याला एका मोठ्या बागेत माळी होते. निवृत्त झाल्यापासून स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बागा करतात. "इसरलेला माणूस दिसंल ते तोंडात घालतो," ते सांगतात. "म्हणून आधी मी घालून बघतो. मला काय झाला नाय, तर लावतो."

दुसरं वेड वाटेचं. बागेतली वाट कुठे संपता कामा नये, चालणारा फिरून दारातच आला पाहिजे. "वाट अडली का माणूस बावरतो रे." हे तत्त्व त्यांनी पुतण्याच्या लग्नातल्या मांडवालाही लावलं. आहेर देऊन निघालेले पाहुणे वळत वळत पुन्हा जेवणाच्या टेबलाशी. दुसऱ्यांदा ताट घ्यायला कुणाचीच ना नव्हती. नवरीकडची मंडळी जेवायला आली तेव्हा भात संपला होता. घरचे चिडले, दादा नाही. "पन बावरला का कोन?" एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांनी मुरबाडकडच्या एका वृद्धाश्रमात बाग केली. हिरवळ माझ्याकडची. ती अंथरून आठवडा झाला नाही तोच तिथल्या व्यवस्थापक बाईंचा मला फोन: म्हाताऱ्यांनी हिरवळ उपटली. मी दादांना घेऊन गेलो. बायका ओळीने वाकून गवत उपटत होत्या आणि त्याच्या मुठी बांधून मागे ठेवत होत्या. सगळ्या भातशेतीच्या घरांतल्या. दाट हिरवं दिसलं, त्यांना ते आवण वाटलं, म्हणजे लावणीची भाताची रोपं. स्वतःचं नाव न सांगता येणाऱ्या बाईनेही मूठ मात्र घट्ट बांधली होती.

व्यवस्थापक बाई वैतागल्या होत्या. "सगळीकडे फरशी घालून टाकते," म्हणाल्या.

"चूक माझी हाय, बाई," दादा म्हणाले. "त्यांना काम दिसला, त्यांनी केला. फरशी घातलीत तर दिवसभर खोलीत भिंतीकडं बघत बसतील." त्यांनी हात जोडले. नर्सरीत मला चार शब्द सुनावल्याशिवाय न जाणारा हा माणूस, त्याला हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाई थोड्या नरमल्या. उन्हाळाभर बघू, म्हणाल्या, नाहीतर फरशी.

दादांनी हिरवळीच्या जागी खरंखुरं भात पेरलं. शेजारी चिखलाचं लहानसं खाचर केलं. ज्यांना वाकवत नाही त्यांच्यासाठी तसंच एक कंबरेच्या उंचीवर बांधलं. बायका सकाळी आवण उपटतात, दुपारून लावतात. त्या आत गेल्या की दादा लावलेलं सगळं काढून पुन्हा आवणाच्या जागी दाटीने खोचतात, उद्या उपटायला. रोज लावणी आणि कापणी कधीच नाही, असं शेत मी दुसरं पाहिलेलं नाही. मी हसायचो. एकटा माणूस, रिकामा वेळ, आणखी काय करणार, असं मला वाटायचं.

परवा गवती चहाची रोपं पोचवायला गेलो. दादा खाचराच्या कडेला उभे राहून मुठी टाकत होते. लावणीत पुरुष बायकांपुढे टाकत जातात, तशाच. पुढ्यात एक वाळकीशी म्हातारी भरभर लावत होती. आश्रमाच्या बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्यांची बायको आहे. आता ओळखत नाही त्यांना."

इतकी वर्षं माझी पानं खाल्ली, पण हे मला कधी सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

म्हातारीने कंबर सरळ केली, उन्हाकडे बघितलं. "ओ दादा, बेगीनं टाका मुठी. घरी आमचे मालक वाट बघत असतील."

"लावा निवांत, बाय," दादा म्हणाले. "तो थांबंल."

आणि पुढची मूठ त्यांनी बरोबर तिच्या हाताशी टाकली.