धोंडूभाऊ पहिली भाषा निवडतात

खंडेनवमीला धोंडूभाऊंनी पुठ्ठ्याची पूजा केली. कोयता, पाना, पक्कड यांच्या रांगेत एक पुठ्ठा, त्यावर शाईनं काढलेली इंग्रजी अक्षरांची बटणं आणि वर झेंडूचं फूल! कर्जतला कापडदुकानाच्या माडीवर नवाच कॉम्प्युटर क्लास निघाला होता. तिथल्या यंत्राची बटणं बघून त्यांनी ती घरी पुठ्ठ्यावर उतरवली होती.

"अहो भाऊ, पण यंत्र कुठाय?" मी विचारलं.

"यील की वैनी! बैल आनायच्या आदी गोठा नाय का बांधत?"

भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत आमच्या दोन्ही घरांना एकच भिंत. धोंडूभाऊ तिथे फिटर, वय पन्नास, शिक्षण सातवी. बायको केव्हाच वारलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी सुमन. सुमन शिमग्याला सासरहून परत आली ती आलीच. का आली, हे बापालाही सांगितलं नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, तोंडातून शब्द नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. पोर अशी वाळत चाललेली आणि बापाला हे खूळ! माझं तर डोकंच फिरायचं.

बरं, खूळ तरी कसलं? क्लासच्या पाटीवर कॉम्प्युटरच्या तीन भाषांची नावं होती, बेसिक, कोबोल आणि फोर्ट्रान. यातली पहिली कुठली शिकायची, यावरून त्यांनी अख्ख्या वसाहतीचा जीव खाल्ला. नळावर विचारलं, रेशनच्या रांगेत विचारलं, एकदा तर मेलं मयताला जमलेल्या माणसांनाही विचारलं! शेलूला त्यांचं भाताचं शेत. त्यामुळे सगळा हिशेब भाताचा.

"बेसिक हाय हळवी. चटकन हाताशी येती, पर दाना बारीक. कोबोल गरवी. टाइम लय खाती, पर बँकेत तीच चालती."

"आणि फोर्ट्रान?"

"ती आपल्या जमिनीत नाय व्हायाची."

क्लासच्या मास्तरांना त्यांनी विचारलं, "सायेब, पावसानं ओढ दिली तर यातली कंची तगंल?" त्या दिवसापासून धोंडूभाऊ जिन्यात दिसले की मास्तर आतून कडी घालायचे.

शेवटी स्वारी गेली ग्रामदेवीला कौल लावायला. गुरवानं मूर्तीला तांदूळ चिकटवले. बेसिकला उजवा कौल, म्हणजे होकार. कोबोलला उजवा. फोर्ट्रानलाही उजवा! गुरव वैतागला. म्हणाला, "धोंडू, देवी तुला टाळतीया रं. घरी जा."

मग मास्तरांकडून कसाबसा एक छापील धडा आणून ते ओट्यावर बसले. पुठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक बटण दाबत धड्यातल्या आज्ञा ओळीच्या आकड्यासकट मोठमोठ्यानं ओरडायला लागले, "दहा, थांब! वीस, नाव छाप!"

आतून आवाज आला, "बाबा, आधीच थांबलं तर छापंल कसं?"

माझी भाकरी तव्यावर करपली. शिमग्यापासून सुमनचं हे पहिलं अख्खं वाक्य!

"तुला काय कळतंय गं त्यातलं?" धोंडूभाऊ खेकसले आणि पुन्हा तेच चुकीचं वाचलं.

दुसऱ्या दिवशी आणखी चुका. सुमन दारापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी ओट्यावर आली आणि तिनं पुठ्ठा ओढूनच घेतला. "काय हे बाबा, किती वेळा सांगायचं!" शाळेत गणितात कायम पहिली यायची हो ती.

त्या संध्याकाळी धोंडूभाऊ माझ्या दारात आले नि मटकन खालीच बसले.

"चुका करून करून जीव दमला वैनी."

म्हणजे हा माणूस मुद्दाम चुकत होता!

त्यांनी डोळे पुसले. "पोर उद्या कर्जतला येते म्हनती. मास्तरांना समदं नीट इचारायला."

"अहो, मग चांगलंच झालं की! रडताय कशाला?"

"तुमची चप्पल द्याल एक दिस? तिला चप्पलच नाय. सासरहून अनवानी आली ती. बाहेर पडलीच नाय, तर मला कळनार कसं? आज कळलं."

आत जाऊन मी माझी सणाची चप्पल काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली. ते निघाले. मी मागून विचारलं,

"मग भाऊ, काय ठरलं? बेसिक की कोबोल?"

"मला काय ठावं वैनी," धोंडूभाऊ म्हणाले. "ती म्हनंल ती."