विषम तारखेची वरात

मानोपच्या गाडीला आजवर एकदाही कुलूप लागलं नव्हतं. थायलंडमधल्या कोरात शहरात, आणि तेही जुन्या पेठेत राहणाऱ्या माणसासाठी ही साधी गोष्ट नव्हे. त्याच्या रस्त्यावर सम तारखेला घरांच्या बाजूला गाड्या लावायच्या आणि विषम तारखेला समोर, औषधाच्या दुकानाच्या बाजूला. सकाळी सहाला बाजू बदलायची. जो चुकेल त्याच्या चाकाला पोलीस पिवळं लोखंडी कुलूप घालून जात आणि काचेवर फोन नंबराचा कागद डकवून जात. गल्लीतल्या प्रत्येकाला हा प्रसाद एकदा तरी मिळाला होता. मानोपला नाही.

पाणीपुरवठा खात्यातला हा बावन्न वर्षांचा कारकून रोज पहाटे साडेपाचला अर्ध्या चड्डीत उठायचा, पिकअप सुरू करायचा आणि रस्ता ओलांडून समोर नेऊन लावायचा. मग चहा घेत दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिस्तीवर चार शब्द ऐकवायचा. (कुणी मागितले नसले तरी.)

एकतीस जानेवारीच्या संध्याकाळी त्याची बायको लामदुआन म्हणाली, "अहो, उद्या पोराचं लग्न आहे. उद्या पहाटे तरी गाडीला हात लावू नका. आहे तिथेच राहू दे."

"लग्न आहे म्हणून नियम बदलतो का?" मानोप म्हणाला. "एवढं सामान भरायचंय. त्यात कुलूप लागलं म्हणजे?"

लामदुआन ताटं पुसायला लागली. एकोणतीस वर्षांच्या संसारात कधी वाद घालायचा नाही हे तिला चांगलं कळत होतं.

एक तारखेला पहाटे मानोपने नेमाप्रमाणे गाडी औषधाच्या दुकानासमोरून काढली आणि आपल्या दारासमोर आणून लावली. काल ती बाजू, आज ही बाजू. मोकळा रस्ता बघून त्याला इतकं बरं वाटलं की तो शीळ घालतच आंघोळीला गेला.

नवऱ्या मुलीचं, मुकचं घर दीड किलोमीटरवर, बाजाराच्या पलीकडे होतं. मुलीचे वडील सुविट हे निवृत्त शाळामास्तर. त्यांनी विहारातल्या वडीलधाऱ्या भिक्खूंकडून मुहूर्त काढून आणला होता: नऊ वाजून नऊ मिनिटं. त्या वेळी नवऱ्या मुलाची वरात ताटं घेऊन दारात हवी. नऊ एकोणतीसनंतर तीन महिने चांगला दिवस नव्हता. सुविट मास्तरांनी हे लग्नपत्रिकेत तर छापलंच होतं, वर तीन वेळा फोन करूनही सांगितलं होतं.

सव्वासातला गाडी भरायला सुरुवात झाली. सुपारीची आणि विड्याच्या पानांची ताटं, अंड्याच्या बलकाच्या सोनेरी मिठाईची ताटं, नारळ, उसाची दोन उंच कांडी आणि मुळांसकट उपटलेली केळीची दोन रोपं. लामदुआनची धाकटी बहीण नोक सगळ्यांना हुकूम सोडत होती आणि मधूनमधून मोबाइलवर फोटो काढत होती. नवरा मुलगा पोन पांढऱ्या कोटात घामाघूम होऊन पायरीवर बसला होता. पाहुणे मागे चढले, म्हाताऱ्या आत्या पुढे बसल्या. ढोलवाले भाड्याच्या गाडीतून परस्पर पोहोचणार होते.

आठ वाजून पाच मिनिटांनी मानोपने किल्ली फिरवली, गियर टाकला, आणि गाडी हातभर पुढे जाऊन खडकन थांबली. मागे मिठाई सांभाळत बसलेली एक शेजारीण केळीच्या पानांत पडली.

"दाजी, ब्रेक काढा की!" नोक ओरडली.

"ब्रेक काढलेलाच आहे!"

मानोप खाली उतरला. मागच्या चाकाशी टेकवून ठेवलेलं नारळाचं पोतं त्याने बाजूला केलं. पोत्यामागे पिवळंधमक कुलूप होतं. काचेवरचा कागद पाहुण्यांनी लावलेल्या झेंडूच्या माळेखाली झाकला गेला होता.

एवढी पंचवीस माणसं गाडीत चढेपर्यंत एकाच्याही नजरेस ते पडलं नव्हतं. आता मात्र सगळ्यांना ते एकदम दिसलं.

"शक्यच नाही," मानोप म्हणाला. "पोलिसांची चूक आहे. काल विषम तारीख, मी तिकडे होतो. आज सम, मी इकडे आहे. सरळ हिशोब आहे. मी तक्रार करणार!"

"तक्रार उद्या करा," लामदुआन म्हणाली. "आधी फोन लावा."

फोन हवालदार तोंगयू नावाच्या माणसाने उचलला. त्याच्या आवाजापेक्षा हॉर्नचेच आवाज जास्त येत होते.

"येतो, येतो," तो म्हणाला. "पण मी बाजाराच्या चौकात उभा आहे. शाळेच्या गाड्या, भाजीचे ट्रक आणि कुणाचा तरी बंद पडलेला सिमेंटचा मिक्सर. माझी मोटारसायकलसुद्धा हलत नाही. हे मोकळं झालं की लगेच येतो."

"कधी मोकळं होईल?"

"काल साडेदहाला झालं होतं."

मानोपने रस्त्याकडे बघितलं. खरंच होतं ते. पहाटेचा मोकळा रस्ता आता या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्यांनी गच्च भरला होता. भाड्याच्या गाडीला हात करावा तर तीही जागच्या जागीच उभी. आतला ड्रायव्हर डबा उघडून चिकट भात खात होता.

तेवढ्यात मानोपचाच फोन वाजला. सुविट मास्तर. नोकने घाईत स्पीकर लावला.

"निघालात का?"

"हो हो, गाडीत बसलोय सगळे," मानोप म्हणाला. (हे खोटं नव्हतं.)

"गाडी ठीक आहे ना?"

"एकदम पक्की. जागची हलत नाही... म्हणजे, खड्ड्यात हलत नाही."

"छान. एक लक्षात ठेवा. आमच्याकडे आलात की गाडी विषम बाजूला लावा. काल एकतीस, आज एक. दोन्ही विषम. बाजू बदलत नाही. महिना एकतीसचा असला की कुणी ना कुणी गाढव पहाटे उठून गाडी पलीकडे नेतं आणि कुलूप लावून घेतं. तीस वर्षं गणित शिकवलं मी, पण या शहराला सम-विषम कळेल तर शपथ!" मास्तर मोठ्याने हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

सगळे मानोपकडे बघायला लागले. मानोपने बोटांवर मोजून पाहिलं. एकतीस. एक. पुन्हा मोजलं. उत्तर तेच आलं.

"इतके दिवस कसं काय जमत होतं मग?" नोकने विचारलं.

"महिना एकतीसचा असला की पोन रात्री अकराला घरी येता-येता गाडी गुपचूप पलीकडे नेऊन ठेवायचा, म्हणजे यांनी पहाटे हलवली की ती बरोबर बाजूला यायची," लामदुआन म्हणाली. "यांना फक्त वाटायचं की आपणच बरोबर लावली. काल लग्नाच्या गडबडीत त्याचं राहून गेलं." हे तिने इतक्या हलक्या आवाजात सांगितलं की मानोपला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

पोन गाडीतून खाली उतरला. त्याचा चेहरा कोटासारखाच पांढरा पडला होता. "बाबा, साडेआठ वाजलेत. मुक सकाळी सहापासून नटून बसली आहे."

पोराच्या लग्नाला तीन महिन्यांची स्थगिती आणि कारण काय, तर बापाची शिस्त. हे त्याला जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि तेही रास्तच म्हणून. तो गाडीच्या मागे गेला, केळीचं मोठं रोप खेचलं आणि खांद्यावर घेतलं.

"उतरा सगळे," तो म्हणाला. "चालत जायचं."

"दीड किलोमीटर? या कपड्यांत?" शेजारणीने विचारलं.

"रस्ता भरलाय, पण गाड्यांच्या मधून माणूस जातो. ताटं घ्या!"

आत्यांना पायी चालवत नव्हतं. त्यांना शेजारच्या नूडलवाल्याच्या हातगाडीवर बसवलं. (नूडलवाला म्हणाला, आज धंदा नाहीच होत, चला.) ताटं डोक्याच्या उंचीवर धरून वरात गाड्यांच्या दोन रांगांमधून निघाली. सगळ्यांत पुढे केळीच्या पानांमागे मानोप. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. मागून नोक सांगत होती, "डावीकडे, दाजी! आता उजवीकडे! आरसा! आरसा!"

पहिले दोनशे मीटर त्याला मान वर करवली नाही. मग एका अडकलेल्या बसमधल्या बाईने काच सरकवून विचारलं, "कुणाचं लग्न?"

"माझ्या मुलाचं!" मानोपच्या तोंडून निघालं, आणि आपण हे ओरडून सांगितलं हे ऐकून तो स्वतःच चपापला.

बाईने टाळ्या वाजवल्या. बसमधल्या सगळ्यांनी वाजवल्या. त्याच बसच्या मागे त्यांना ढोलवाले सापडले. बिचारे अर्ध्या तासापासून गाडीत बसून होते. ते टुणकन खाली उतरले, लांब ढोल गळ्यात अडकवले आणि पहिली थाप पडली. "हो... हीव!" अशी आरोळी उठली. ट्रकवाल्यांनी हॉर्नने ताल धरला. दोन भाजीवाल्या हात नाचवत वरातीत सामील झाल्या आणि शेवटपर्यंत हटल्याच नाहीत.

चौकात हवालदार तोंगयू शिट्टी तोंडात धरून उभा होता. वरात पाहिली आणि त्याने सवयीने हात वर करून वाहतूक थांबवली. ती आधीपासूनच थांबलेली होती, पण कुणी तक्रार केली नाही.

"तुम्हीच का ते फोनवाले?" त्याने केळीच्या पानांत वाकून विचारलं.

"मीच," मानोप म्हणाला. "कुलूप योग्यच होतं. माझीच चूक झाली."

तोंगयूने शिट्टी तोंडातून काढली. नोकरीच्या अठरा वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं. "दुपारी येऊन काढतो," तो म्हणाला. "पावती लागेल. पण आता पळा!"

नऊ वाजून सात मिनिटांनी वरात मुलीच्या दारात पोहोचली. सुविट मास्तर घड्याळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी घामाने भिजलेले पाहुणे, हातगाडीवरच्या आत्या, दोन अनोळखी भाजीवाल्या आणि केळीमागचे व्याही पाहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"पायी आलात!" ते म्हणाले. "हल्ली सगळे गाडीतून येतात, शेवटच्या वळणावर उतरतात आणि दहा पावलं नाचून दाखवतात. तुम्ही आमच्या मुलीसाठी अख्खा रस्ता चालत आलात. ही कल्पना कुणाची?"

मानोपने तोंड उघडलं. लामदुआनने त्याच्या आधीच बोलून टाकलं, "यांचीच."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि हसली. मानोपने केळीचं रोप खांद्यावरून खाली ठेवलं. दोरी धरून दारात वाट अडवणाऱ्या पोरींना रिवाजाप्रमाणे पैशांची पाकिटं वाटत, दोरी ओलांडत पोन आत गेला. नऊ वाजून नऊ मिनिटांनी मुकने वर पाहिलं, आणि मानोप उंबऱ्यावर बसून भरपूर पाणी प्यायला.

आठवड्याने मास्तरांनी नोकच्या मोबाइलमधला एक फोटो मोठा करून, चौकट लावून बैठकीत टांगला. वरात निघाली त्या क्षणाचा. लामदुआन त्यात सुंदर दिसते, पोनही दिसतो. मानोपच्या चेहऱ्याच्या जागी केळीचं पान आहे, आणि त्याच्या गुडघ्याशी पिवळं कुलूप इतकं स्वच्छ आलंय की त्यावरचा नंबरसुद्धा वाचता येतो.

परवा कुणी पाहुण्याने विचारलं, "यात नवऱ्या मुलाचे वडील कोणते?"

मास्तरांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग कुलपावर बोट ठेवून म्हणाले, "चेहरा दिसत नाही, पण हे कुलूप त्यांचं."