सुनेचं उंदरांत मोठं नाव

अप्पाजींनी कॉफीच्या दुकानात एवढंच सांगितलं होतं, की आमची सून बंगळूरला उंदरांवर काम करते आणि त्यात तिचं मोठं नाव आहे. काम नेमकं काय, हे त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. अभिमान मात्र काठोकाठ होता. कुंभकोणमची वेस ओलांडेपर्यंत त्या वाक्याने चांगलंच बाळसं धरलं. सुष्मिता सुट्टीला घरी आली त्याच सकाळी जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावचे भातगिरणीवाले वैद्यनाथन गाडी घेऊन दारात हजर झाले. उंदरांनी उच्छाद मांडलाय, औषध खाऊन ते उलट धष्टपुष्ट होतात, आता तुमच्या सूनबाईच वाचवतील, असं म्हणत त्यांनी हात जोडले.

सून उंदीर मारणारी नाही, एवढं खरं सांगावं तर अप्पाजींना दुकानात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. ओळखीच्यांची गिरणी आहे, बघून येऊ, एवढंच अप्पाजी सुनेला म्हणाले. ती आनंदाने निघाली.

गिरणीत कामगार काठ्या घेऊन रांगेत उभे होते. अप्पाजी दारातच थबकले. सुष्मिता मात्र पोत्यांमागे उकिडवी बसली आणि हे सगळ्यात जास्त काय खातात, असं तिने तमिळमध्ये विचारलं. तांदळाचा कोंडा, तेलकट असतो तो, कुणीतरी म्हणालं. तिचा चेहरा उजळला. पोत्यांमागच्या दोन उंदरांकडे बोट दाखवत ती घरच्या मराठीत म्हणाली,

"हें पाह्यलांत का, मामंजी? खाणं तेंच, पण एक लठ्ठ, एक काडीसारखा."

मग तिथेच तिने सगळ्यांना तमिळमध्ये आपलं काम सांगितलं. प्रयोगशाळेत उंदरांची दोन घराणी; एक चरबी खाऊन फुगणारं, दुसरं न फुगणारं. त्यांची लग्नं लावायची, नातवंडं तपासायची, आणि चरबी पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवणारं जनुक कुठल्या गुणसूत्रावर नेमकं कुठे बसलंय, ते हुडकायचं. पत्ता नसलेल्या शहरात दारं ठोठावत एक घर शोधण्यासारखं, वर्षानुवर्षं. अप्पाजी भीती विसरून ऐकत राहिले. एवढा धीर या पोरीत आहे, हे त्यांना आजच कळत होतं.

वैद्यनाथननी घसा साफ केला. "ते खरं, अम्मा. पण मारता कसे?"

"मारायचं काम माझं नाही. आम्ही उंदीर वाढवतो."

काठ्या एकेक करून खाली आल्या. चूक आपली, असं अप्पाजी पुटपुटले. पण वैद्यनाथनांचं लक्षच नव्हतं. ते स्वतःच्या पोटावरून हात फिरवत होते. डॉक्टरांनी त्यांचं तूप बंद केलं होतं, आणि सख्खा धाकटा भाऊ पोंगलच्या खिचडीवर वाटीभर तूप ओतूनही वेताच्या छडीसारखा होता. माणसांतही असं असतं का, त्यांनी हळूच विचारलं. असावं, पण उंदरांवरून माणसाचं लगेच सांगता येत नाही, शोध चालू आहे, ती म्हणाली. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. कामगार काठ्या भिंतीला टेकवून भोवती बसले.

तेवढ्यात एक उंदीर पोत्यांतून निघून भर सभेतून चालू लागला. एका कामगाराचा हात सवयीने काठीकडे गेला. वैद्यनाथननी तो धरला.

"थांब. आधी अम्मांना बघू दे, हा माझ्यावर गेलाय की माझ्या भावावर."